दुपारी विझणारी नळी

४.२

भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट दाखवते. ३.२ ला ती मेली असं समजायचं.

माझी धाकटी बहीण लोरेन जिना चढताना सातव्या पायरीवर थांबते. पायऱ्या अकरा आहेत.

आमच्या वडिलांचं म्हणणं होतं की ज्या घरात पेस्टीत, म्हणजे मांसाच्या करंजीत, गाजर घालतात त्या घरात मुलगी देऊ नये. लोरेनच्या नवऱ्याची, ड्वेनची आई घालायची.

माझ्या वाफेच्या सिगरेटींच्या दुकानाच्या दाराला घंटा नाही. कोणी आलं की पोटऱ्यांना थंडी लागते, तेवढ्यावरून कळतं.

आई गेली त्या दिवशी ड्वेनने फोनवर सांगितलं, रस्ते बंद आहेत, लोरेनला आणता येणार नाही. हॅनकॉकपासून कॅल्युमेटपर्यंतच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचं काम ड्वेनच करतो.

४.०

जानेवारीतल्या एका मंगळवारी पोटऱ्यांना थंडी लागली आणि ड्वेन हाइक्किला आत आला.  बुटांवरचा बर्फ त्याने पायपुसण्यावर झटकला नाही. दोन पावलं पुढे येऊन, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर झटकला.

"अजून चालतंय वाटतं तुझं हे वाफेचं दुकान."

"चालतंय ना. तुझ्यासारखे येतात. दुसरीकडे कोणी उभं करत नाही त्यांना."

"मी सिगरेट सोडलीय."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"म्हणजे नाही सोडलीस."

आदल्या संध्याकाळी लोरेनने त्याला जेवायच्या टेबलावर जे सांगितलं होतं तेच नंतर मला फोनवर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तिची फुफ्फुसं जेवढी उरलीत तेवढी सिगरेटच्या धुरापासून वाचवा. यापुढे ड्वेनने एक जरी सिगरेट ओढली, घरात, ट्रकमध्ये, कुठेही, तर ती बॅग भरून माझ्याकडे राहायला येणार. लोरेन धमक्या देत नाही. जे करणार ते सांगते, बस.

फोन ठेवला आणि मी तळमजल्यावरच्या खोलीतलं शिवणयंत्र ओढून बोळात ठेवलं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. लपवण्यासारखं काही नाही यात. मला माझी बहीण हवी होती.

फळीवर सिगरेटऐवजी वाफ ओढायच्या यंत्रांचे दोन प्रकार होते. नळी म्हणजे पितळेची पोकळ कांडी. वर तार आणि कापूस, आत बॅटरी, खाली बटण, मध्ये चिप वगैरे काहीही नाही. बॅटरी उतरत जाते तशी वाफही उतरत जाते. दुसरा डबा. त्याच्यात चिप असते, पुढे छोटा पडदा असतो. ठरवलेला जोर तो पहिल्या झुरक्यापासून शेवटच्या झुरक्यापर्यंत तेवढाच ठेवतो, आणि बॅटरी संपली की सरळ बंद होतो. नळीवाले डबेवाल्यांना हसतात. तार स्वतःच्या हाताने वळता येत नाही त्याने डबा घ्यावा, असं ते मानतात.

कोपऱ्यातल्या बाकावर पीट कोस्की तार वळत बसला होता. ड्वेनच्याच डेपोत मेकॅनिक आहे, दुपारी जेवायच्या सुट्टीत येतो.

"डबा घे," मी ड्वेनला म्हणाले. "नळी तुझ्याच्याने झेपायची नाही. तार वळायला डोकं लागतं, बॅटरी किती उरली ते चवीवरून ओळखावं लागतं. तुझ्यासारख्यांसाठीच तर पडदा लावलाय. आकडे पण मोठे आहेत. नाहीच समजलं तर लोरेन शिकवील."

पीट खाली मान घालून हसला.

ड्वेनचे कान लाल झाले. "नळी दे."

"अरे, ऐक माझं. थंडीत दुपारपर्यंत मरते ती."

"तुझं ऐकून आजवर कोणाचं भलं झालंय? नळी दे म्हटलं ना."

दिली. दोन बॅटऱ्या, चार्जर, कापूस. सांगितलं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

३.८

तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. नळी त्याने काउंटरवर आपटली.

"सडका माल विकतेस."

"कधी मरते?"

"अकराला."

मी वरचं झाकण फिरवून काढलं. तारेचे सहा वेढे दिले होते मी. आत चारच होते.

"हे कोणी केलं?"

"मी केलं. सकाळी बरी ओढते आता. तोफ आहे तोफ."

"तोफच आहे. वेढे कमी केलेस की ती बॅटरीतून जास्त खेचते. सकाळी धडाका आणि अकराला फुस्स. आणि बॅटरी तापून खिशात फुटली तर? मग लोरेनने तुझं काय काय भरायचं गोळा करून?"

"तू आहेस ना नावं ठेवायला."

मी ती तार कापून कचऱ्यात टाकली आणि सहा वेढ्यांची नवीन वळली. तो हरावा असं मला वाटत होतं, भाजून मरावा असं नव्हतं.

"या थंडीत बॅटरी ट्रकच्या काचेजवळ ठेवत जाऊ नकोस. आतल्या खिशात ठेव, अंगाशी."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असतं तर इथे आला नसतास. अजून सांगते, डबा ने. पोरंटोरं वापरतात, तुलाही जमेल."

बाकावर आज पीट नव्हता. कोणीच नव्हतं. ड्वेन डब्याकडे बघत राहिला. हातमोजा काढला, परत घातला.

तेव्हा मी गप्प बसू शकले असते. नुसतं त्याच्यापुढे सरकवू शकले असते.

"की लाज वाटते?" मी म्हणाले.

त्याने नळी उचलली आणि गेला. दार उघडंच टाकलं.

३.६

"मार्लिस, तो चारला घरी येतो ना, तेव्हा हात थरथरत असतात गं त्याचे," लोरेन फोनवर म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "पण वास नाही. मी रोज कोट हुंगते. एकवीस दिवस झाले."

"हं."

"शनिवारी सौनाच्या गरम खोलीतसुद्धा बसला माझ्याबरोबर. मला फार वेळ नाही बसवत, मी खालच्या बाकावर. तोही खालीच बसला. वर जास्त गरम असतं, पण गेला नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुपारी ते त्याचं कमी पडतं म्हणतो. तू त्याला नीट सांगितलंस ना, कुठलं घ्यायचं ते?"

"दोनदा सांगितलं. डबा घे म्हटलं. ऐकत नाही तो."

"ऐकत नाही खरा," लोरेन म्हणाली आणि खोकत राहिली. मी फोन कानापासून लांब धरला.

३.३

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सरोवरावरून वारा सुटला आणि बर्फ थांबेना. ड्वेनची पाळी आठ तासांची होती, ती चौदा तासांची झाली. हे मला पीटने सांगितलं. पहिली बॅटरी बाराच्या आत गेली. दुसरी आतल्या खिशात होती, ती तीनला. एक गाडी खड्ड्यातून ओढून काढायला तो खाली उतरला होता. त्या गाडीवाल्याने आभार मानले आणि सिगरेट पुढे केली.

एकच. ड्वेनने ती अर्धी ओढली.

लोरेनला कोट हुंगायची गरज पडली नाही. दारात उभं राहून त्यानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तोच तिला माझ्याकडे सोडायला आला. रस्ता त्यानेच साफ केलेला होता. बॅग आत आणली, औषधांचा डबा आणला, उशी आणली. लोरेन खोलीत जाऊन पलंगावर बसली. आम्ही दोघं बोळात, मध्ये शिवणयंत्र.

"झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला.

"मी डबा घे म्हटलं होतं. दोनदा. पीटला विचार."

"तू म्हटलंस म्हणून तर घेतला नाही. आणि तुला ते ठाऊक होतं."

"तुझ्या हट्टाला मी जबाबदार?"

"तीस वर्षं ओळखतेस माझा हट्ट."

"तीस वर्षं. आणि आईच्या वेळचे रस्ते? तेही ओळखते मी."

त्याने शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवला. "त्या दिवशी खरंच बंद होते, मार्लिस. ट्रक पुलाच्या अलीकडे रुतला होता माझा. कोणाला सांगितलं नाही. रस्ते उघडणारा रुतला म्हणून हसले असते लोक."

मला ते खोटं वाटायला हवं होतं.

"तिला रात्री दोन उशा लागतात," तो म्हणाला. "दुसरी उद्या आणून देतो."

"उशा आहेत माझ्याकडे."

तो गेला. मी खोलीत गेले. लोरेनने कोट काढला नव्हता, बॅगेलाही हात लावला नव्हता.

"कसं सांगितलंस त्याला?" तिने विचारलं.

"सांगितलं की. डबा घे म्हणून."

"ते कळलं मला." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा थांबली. "मी विचारतेय, कसं सांगितलंस?"

मी पडदे ओढायला गेले. बाहेर अजून उजेड होता.

४.१

जानेवारीतल्या त्या मंगळवारी, मी 'डबा घे' म्हणायच्या आधीच, ड्वेनने फळीवरून डबा उचलून हातात घेतलेला होता.