दिगंबर कसबे यांचा होकार

"दिगंबरकाका, तुमचं नाव सापडत नाहीये," पाळक आनंद उबाळे दारातूनच म्हणाले. त्यांच्या काखेत चर्चचं कडा झिजलेलं मोठं रजिस्टर होतं.

दिगंबर कसबे तेव्हा मनुका गाळत होता. शुक्रवारी संध्याकाळी भिजत घातलेल्या काळ्या मनुका शनिवारी सकाळी उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळायच्या आणि तो रस रविवारी प्रभुभोजनाच्या चिमुकल्या पेल्यांत ओतायचा. महिन्यातून एकदा, त्रेचाळीस वर्षं, हे काम चर्चचा शिपाई म्हणून त्याच्याकडे होतं. तयार रस आता कुठल्याही दुकानात मिळतो, पण दिगंबरच्या हातचाच हवा, असा कमिटीतल्या म्हाताऱ्यांचा हट्ट. स्वारगेटच्या गोंगाटापासून दोन गल्ल्या आत हे चर्च होतं, आणि चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत दिगंबर आणि त्याची बायको सुशीलाबाई राहत.

"कुठल्या साली पाहताय?" दिगंबरनं विचारलं.

"पंच्याहत्तर पाहिलं, शहात्तर पाहिलं, पार ऐंशीपर्यंत आलो. तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांचं दृढीकरण झालंय. तुमच्या जागी नुसती रेघ."

"मग बरोबर आहे. रेघच असणार. माझं झालं नाही."

पाळक आत येऊन स्टुलावर बसले. वय जेमतेम एकतीस, या चर्चमध्ये येऊन चौदा महिने झालेले. ख्रिस्ती घरात बाळाला बाप्तिस्मा देतात तो आईबापांच्या इच्छेनं. मोठं झाल्यावर त्या मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं होय म्हणायचं, ते दृढीकरण. ते झाल्याशिवाय या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि रस, घेता येत नव्हतं. आणि महिनाअखेरीस निवृत्त होणाऱ्या दिगंबरला शाल द्यायची आणि त्या दिवशी पहिली भाकर त्याच्या हातावर ठेवायची, असा ठराव कमिटीनं नुकताच एकमतानं केला होता. या कमिटीत एकमत होणं हाच खरं तर मोठा चमत्कार होता.

"म्हणजे काका, तुम्ही प्रभुभोजन कधीच घेतलं नाही?"

"नाही."

"हा रस तरी चाखून पाहत असाल."

"जे आपल्यासाठी नाही ते तोंडात कशाला घालायचं? चव आमची ही बघायची. ती अंथरुणाला खिळल्यापासून मी अंदाजानं करतो."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं उत्तर सोपं होतं. भोजनाच्या वेळी दिगंबर फाटकावर असे. पुण्यात माणूस गाडी लावून प्रार्थनेला आत गेला, की शेजारच्या सोसायटीतला कुणीतरी हटकायला बाहेर येतो. त्याला तोंड द्यायला कुणीतरी लागतंच. आतल्यांना वाटे, दिगंबर आधी घेत असेल. सात पाळक आले नि गेले. प्रत्येकाला वाटलं, आधीच्यानं पाहिलं असेल.

"पण का, काका?" पाळकांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

दिगंबरनं फडकं झटकून दोरीवर टाकलं आणि सांगितलं. पंधरा वर्षांचा असताना तो नऊ मुलांच्या रांगेत उभा होता. तेव्हाचे पाळक रंगनाथ साळवे एकेकाला विचारत होते, "तू स्वतःच्या मनानं ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून निवडतोस का?" मुलं होय म्हणत होती. दिगंबरला वाटलं, प्रश्न विचारलाय तर आधी विचार केला पाहिजे. त्यानं केला, आणि म्हणाला, "माहीत नाही." मुलं हसली. आईनं पदरात तोंड लपवलं. रंगनाथ पाळक मात्र शांतपणे म्हणाले, "कळलं की सांग. तोवर थांब. खोटं होय म्हणू नकोस." पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली आणि काही वर्षांनी ते वारले. दिगंबर थांबला. सांगितलेलं काम मन लावून करणाऱ्या माणसाला थांबायला सांगणं तसं धोक्याचंच.

तो हातावर हात धरून थांबला नव्हता. देव नाही, असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करी, बाकं पुसताना गाणी म्हणे. देवानं आपल्याला हाक मारली आणि आपण ती ऐकली, असं मात्र काही घडलं नव्हतं. म्हणून ज्यांच्या बाबतीत घडलं, त्यांना तो विचारत राहिला, "तुम्हाला कसं कळलं हो?" कर्वेनगरचे एक प्राध्यापक त्यावर पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, ते अनुभवावं लागतं. एवढंच सांगायचं होतं तर पाऊण तास कशाला घेतला, असं दिगंबरचं मत पडलं. आम्रपाली सिस्टर म्हणाल्या, एका पेशंटचा हात हातात होता आणि खोलीत आणखी कुणीतरी आहे असं अचानक जाणवलं. दिगंबरनं ते आठवडाभर मनात घोळवलं. त्याच्या खोलीत त्याला फक्त सुशीला जाणवायची. मांजरी गावच्या कालव्यात बाप्तिस्मा घेतलेला रिक्षावाला रामदास म्हणाला, "कळलं-बिळलं काय न्हाई गड्या. दारू सुटली, येवढं खरं हाय." हे उत्तर दिगंबरला सगळ्यांत पटलं होतं, पण त्याला दारूचं व्यसन नव्हतं.

पाळक म्हणाले, "देवाची इच्छा काय, हे तर उघड आहे, काका. त्याला तुम्ही हवे आहात. निवड काय ती तुमची."

"तेच तर. त्याची इच्छा त्याला ठाऊक. माझी मलाच कळेना."

"बाईंना हे माहीत आहे?"

"लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं. दोनदा विषय काढला तिनं. मग काढला नाही."

पाळकांनी रजिस्टर मिटलं. "काका, सांगावं की नाही कळत नाही, पण सांगतो. मी बाईंना घरी प्रभुभोजन द्यायला येतो, तेव्हा तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसता. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, एकदा यांच्याबरोबर घ्यायचं राहून गेलं. तेव्हा मला अर्थ लागला नाही. आता लागला." ते उठले. "येत्या गुरुवारी मी येणारच आहे."

त्यानंतरच्या महिन्यातल्या गुरुवारबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

रस बरणीत भरताना दिगंबरकडून पहिल्यांदाच थोडा ओट्यावर सांडला. खोटं होय म्हणावं तर सुशीला समाधानानं जाईल, पण देवाच्या मेजावर बसून देवाशी खोटं बोलल्यासारखं होईल. न म्हणावं तर चाळीस वर्षं संसार केलेली बाई एवढीशी इच्छा मनात घेऊन जाईल. त्याला भीती वाटली. आयुष्यात कुठलीही गोष्ट करताना त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

दुपारी तो तिच्या खाटेशी जाऊन बसला. सुशीलाबाई आता अगदी काडी झाल्या होत्या, पण जीभ शाबूत होती.

"काय शोधत होते पाळकसाहेब?"

"माझं नाव."

"सापडलं?"

"नाही."

"कसं सापडेल? मला विचारलं असतं तर एवढी पानं उलटावी लागली नसती."

"तू त्यांना सांगितलंस म्हणे काहीतरी."

"सांगितलं. मरायला टेकलेल्या माणसानं एखादी चहाडी केली तर चालते."

दिगंबरनं विचारलं, "घेऊ का मी? तुझ्यासाठी?"

"नको," सुशीलाबाई लगेच म्हणाल्या. "माझ्यासाठी घ्यायचं ते भोजन कसलं? माझ्यासाठी काही करायचंच असेल तर पाय चेपा."

तो पाय चेपायला लागला. पाय थंडगार होते. चेपता चेपता त्याच्या एकदम ध्यानात आलं, की प्राध्यापकांपासून रिक्षावाल्यापर्यंत झाडून सगळ्यांना आपण विचारलं आणि हिला कधी विचारलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"तुला कसं कळलं गं?"

सुशीलाबाईंनी त्याच्याकडे मान वळवली. "चाळीस वर्षांनी विचारताय. मला वाटलं, आता काही विचारत नाहीत."

"सांग की."

"मला नाही कळलं."

दिगंबरचे हात थांबले.

"चौदा वर्षांची होते. राहुरीला, आमच्या चर्चमध्ये. माझ्या पुढच्या सगळ्या मुली होय म्हणाल्या, मीही म्हणाले. नव्या परकराची घडी मोडते की काय, एवढंच डोक्यात होतं."

"म्हणजे खोटं बोललीस."

"तेव्हा खरं नव्हतं. पुढं होत गेलं. झालं, पुन्हा गेलं, पुन्हा झालं. आपला शंभू गेला ना, सव्वा वर्षाचा, तेव्हा सहा महिने मी देवाशी एक अक्षर बोलले नाही. पण भोजनाला जात होते."

"का जायचीस मग?"

"होय म्हणून बसले होते ना."

बाहेर कुणीतरी फाटकाशी हॉर्न वाजवत होतं. दिगंबर उठला नाही.

"मला एक सांगा," सुशीलाबाई दम खात म्हणाल्या. "लग्नात पाळकांनी तुम्हाला विचारलं, हिला पत्नी म्हणून पत्करतोस का. तुम्ही काय म्हणालात?"

"होय म्हणालो."

"काय कळलं होतं तुम्हाला माझ्याबद्दल? दोनदा पाहिलं होतंत. त्यातही एकदा मी मान वर केली नव्हती."

"तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी ते सांगा."

दिगंबरनं प्रामाणिकपणे विचार केला. विचार करण्यात तो कधी कमी पडला नव्हता. पण तिचं थंड पाऊल हातात धरून त्याला सांगण्यासारखं एकही उत्तर सुचेना. थांब म्हणताना रंगनाथ पाळकांनी एकोणपन्नास वर्षं नक्कीच धरली नसणार. कळेल तेव्हा जाऊ म्हणून तो फाटकावर उभा राहिला, आणि दर महिन्याला ही एकटी पुढं जाऊन गुडघे टेकत राहिली. शंभू गेल्यावरसुद्धा एकटीच. त्याला स्वतःचा राग आला आणि मग रडू आलं. तो आवाज न करता रडला, पण तिला कळलंच.

"पाय सोडू नका," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

गुरुवारी चार वाजता पाळक आपली छोटी पेटी घेऊन आले. दिगंबरनं नेहमीसारखं स्टुलावर पांढरं कापड घातलं, खिडकी लावून घेतली आणि नेहमी तो बाहेर जायचा त्या वेळेला खाटेच्या कडेवर बसला.

"पाळकसाहेब, मला विचारा," तो म्हणाला.

पाळकांनी पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि विचारलं. शब्द एकोणपन्नास वर्षांपूर्वीचेच होते.

"मला कळलंय, असं मी म्हणत नाही," दिगंबर म्हणाला. "ते अजून नाही कळलं."

"काका, कळलं का असं विचारलेलंच नाही इथं. निवडतोस का, असं विचारलंय."

दिगंबरनं मान वर केली. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सांगितलं असतं तरी त्या मुलाला ते समजलं नसतं. त्यानं सुशीलाकडे पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडे, छताकडे बघत होती. आपल्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं उत्तर देऊ नये म्हणून.

"होय," तो म्हणाला. "निवडतो."

पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग भाकर मोडली. सुशीलाबाईंना कणभरच गिळता आली. रस त्यांना चमच्यानं दिला. दिगंबरनं आपला पेला दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला. तिघांनीही डोळे मिटले.

"आंबट आहे हा," डोळे उघडत दिगंबर म्हणाला.

"मी पडल्यापासून आंबटच करताय," सुशीलाबाई म्हणाल्या.

"दीड वर्ष? कुणी बोललं कसं नाही?"

"पुण्याची माणसं. घरी जाऊन बोलतात."

पाळकांना हसू आवरेना. सुशीलाबाईही हसल्या, आणि त्या हसण्यानंच दमल्या. त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या, पण एवढं बोलणं पुन्हा झालं नाही. आत्ता त्यांनी नुसते डोळे मिटले आणि दिगंबरचा हात चाचपून घट्ट धरला.

पाळक उठून पेले गोळा करायला लागले. त्रेचाळीस वर्षांच्या सवयीनं दिगंबर अर्धवट उठला. सुशीलाबाईंच्या बोटांनी त्याला जागीच धरून ठेवलं. तो पुन्हा बसला. पाळकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पेले घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. मग भांडं पडल्याचा.

"काका, धुतलेले पेले कुठं ठेवू?" पाळकांनी आतून विचारलं.

एकेका पेल्याची जागा ठरलेली होती. आजवर त्यांना दिगंबरनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"ठेवा कुठंही," दिगंबर म्हणाला, आणि बसून राहिला.