चौथा वेढा

मंडळी, चोर सापडल्याचा आनंद किती वाईट असतो, ते त्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बघायला हवं होतं! टेबलावर ओलं जाळं पसरलेलं, फरशीवर पाण्याचं थारोळं, आणि त्यात उभा राहून सोसायटीचा सेक्रेटरी ओरडत होता. त्याला सगळं बंदर भोंगा म्हणायचं. हा शिंकला की धक्क्यावरचे बगळे उडायचे, ते थेट शेजारच्या बंदरात जाऊन बसायचे. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

समोर मान खाली घालून पलीकडच्या किनाऱ्याचा एक खलाशी उभा होता. इंजिन बंद पडून त्याची होडी वाहत इकडे आली होती. आपली भाषा त्याला मोडकीतोडकी यायची, शिव्या तेवढ्या अगदी अस्सल आपल्याच.

आता बंदराचा रिवाज असा, की जाळ्याच्या कोपऱ्याला प्रत्येक घराची वेगळी गाठ असते. वाहून गेलेलं जाळं सापडलं की गाठ बघून त्या घरी पोचवायचं. म्हणून दुसऱ्या घरची गाठ मारणारा तो चोर, आणि त्याचं जाळं सगळ्यांदेखत कापायचं. ह्या खलाशाच्या जाळ्याला नेमकी भोंग्याच्या घरची गाठ होती! तीन वेढे सरळ, चौथा उलटा.

"साहेब, एकच जाळं आहे हो माझं," तो म्हणाला. "हे गेलं तर घरी खायचं काय?"

"आमची गाठ चोरताना नाही आठवलं घर?" भोंग्यानं सुरी चालवली. हातभर जाळं सर्रकन फाटलं.

तेवढ्यात त्याची आत्या आत आली. सगळ्या बंदराची जाळी तीच सांधायची.

"सुरी ठेव खाली."

"आत्या, तू मध्ये पडू नकोस. ही आपली पिढ्यानपिढ्यांची गाठ आहे!"

"कसल्या पिढ्या रे? माझे आजोबा तीनच वेढे मारायचे, सगळे सरळ. तू पाळण्यात होतास तेव्हा तुझा बाप वादळात वाहून गेला. दोन महिन्यांनी परत आला तो परक्याचा सदरा घालून. आणि चौथा वेढा शिकून."

"बाबा तर म्हणायचे, गाठ त्यांना स्वप्नात दिसली."

"पलीकडच्यांनी जेवू घातलं, जगवलं, हे सांगायची लाज वाटली त्याला. मला माहीत होतं. मीसुद्धा चाळीस वर्षं तोंड शिवून बसले!"

खलाशानं मान वर केली. "आमच्याकडे पूर्वी दोनच वेढे होते. एक उलटा, एक सरळ. बाकीचे दोन वाहून आलेल्या एका माणसानं शिकवले, असं आजी सांगायची."

भोंग्यानं चिडून तो उलटा वेढा सोडला आणि दोर ओढला. तीनही सरळ वेढे भसकन निसटले.

आत्या म्हणाली, "बघितलंस? त्यांचं तेवढं काढून टाकायला गेलास, तर तुझंही हातात राहत नाही. एकाच पाण्यावर जगतो आपण. त्याच वाऱ्यात त्यांची जाळी फाटतात, त्याच वाऱ्यात आपली. मग सांधायची रीत एकमेकांकडून नाही शिकणार, तर कोणाकडून?"

मग सुरी टाकून भोंग्यानं सुई घेतली. हाताला सवय नसल्यानं जाळं सांधायला चार दिवस लागले, इंजिनही त्यानंच दुरुस्त करून दिलं. खलाशी निघाला तेव्हा भोंग्यानं हात जोडले. "चुकलं माझं, भाऊ."

खलाशानं सांधलेली जागा दोनदा ओढून पाहिली. "जाळं ठीक आहे. पण चार दिवस माझी बायको किनाऱ्यावर उभी असेल. तिला वाटत असेल, मी बुडालो."

होडी गेली.

तेव्हा मंडळी, 'हे आमचंच' म्हणून कोणावर सुरी उगारायच्या आधी एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे आपल्याकडे आलं कुठून? आणि म्हाताऱ्यांनो, लाज सोडा, खरं सांगा. उशिरा सांगितलेल्या खऱ्यानं जाळं सांधता येतं. काठावर काढलेले तिचे चार दिवस कोणालाच परत देता येत नाहीत.