तोंडातल्या टाचण्या

शिंपीबुवा काम करताना तोंडात टाचण्या धरत. एका वेळी सात-आठ, ओठांच्या कडेला ओळीने. गिऱ्हाइकाने काही विचारलं की 'हं' किंवा 'अंहं', आणि टाचण्या संपल्या की मग "हलू नका," एवढंच काय ते बोलणं. चाळीस वर्षांत एकही टाचणी पोटात गेली नाही, याचा बुवांना कोण अभिमान! विषय निघो न निघो, ते ही गोष्ट सांगतच.

आता घरातली पुढची खोली म्हणजे दुकान, आणि दीड वर्षाची नात भिंगरी दिवसभर तिथेच. लेक सोमवारपासून कामावर रुजू होणार होती. नातीला पाळणाघरात घालायचं की आजोबांकडे ठेवायचं, हा घरातला पेटलेला प्रश्न. बुवांनी तर नातीसाठी टेबलाखाली गादीसुद्धा शिवून ठेवली होती. पण लेक प्रथमोपचाराचा वर्ग करून आली ती पुठ्ठ्याची नळी घेऊनच.

"बाबा, या नळीतून जे आरपार जाईल, ते हिच्या घशात अडकू शकतं. असं काहीही खाली नको. शनिवारपर्यंत एक जरी वस्तू तोंडात गेली, तर सोमवारी पाळणाघर."

"अगं, तू लहान असताना..."

"मी वाचले ते नशिबाने. आता परीक्षा द्या."

परीक्षेला कापडी बाहुली होती. मूल खोकत असेल तर खोकू द्यायचं. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. आवाजच फुटत नसेल तर मांडीवर पालथं, डोकं खाली, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध पाच फटके. तेवढ्याने भागलं नाही, तर बेंबीच्या वर पोट पाच वेळा आत-वर दाबायचं. दुसऱ्या कुणीतरी मदतीसाठी फोन लावायचा. बुवांनी बाहुली मांडीवर घेतली आणि आधी तिचा फ्रॉक सारखा केला.

"बाबा, ती गुदमरतेय!"

"गुदमरतेय खरी, पण हिची बाही उसवलीय बघ."

तिसऱ्या खेपेला बुवा पास झाले. मग बटणं, हूक, रिळं, सगळं वरच्या फळीवर चढलं. आजीने गुडघ्यांवर बसून खोलीचा कोपरा न् कोपरा झाडला. तरीही मंगळवारी भिंगरीच्या ओठांत दोऱ्याचा तुकडा सापडला आणि बुधवारी खडूचा. पोरगी खायचीही नाही, नुसती ओठांत धरून बसायची. दात येत असतील, असं आजीचं मत पडलं. बुवांनी दोन्ही तुकडे गुपचूप खिशात टाकले. एवढ्यातेवढ्याचं लेकीला काय सांगायचं, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं.

शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापिकाबाई कोटाच्या मापाला आल्या. बुवा जमिनीवर बसून खालची किनार टाचत होते, तोंडात नेहमीची फौज. कोटाचं एक सैल बटण कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. बुवांना जाणवली ती शांतता. ज्या घरात दीड वर्षाचं मूल आहे, तिथे शांतता फार वाईट. त्यांनी आरशात पाहिलं.

भिंगरी मागे बाहुली घेऊन बसली होती. मान थोडी वाकडी, डोळे बारीक, बाहुलीचा फ्रॉक चिमटीत आणि ओठांच्या कडेला काळं बटण. हुबेहूब आजोबा! आरशात आजोबा दिसताच ती खुदकन हसली, आणि बटण आत गेलं.

हसणं मध्येच तुटलं. तोंड उघडं, पण खोकला नाही, रडणं नाही, काहीच नाही. बुवांनी टाचण्या थुंकल्या, नात उचलली आणि स्टुलावर बसून मांडीवर पालथी घातली. "फोन लावा!" बाईंनी अर्धवट टाचलेल्या कोटातच फोन काढला. एक फटका. दोन. तीन. माझी पोर, माझी पोर, एवढंच बुवांच्या डोक्यात चाललं होतं, पण हात मात्र शिकवल्यासारखा पडत होता. चौथ्याला बटण टप्पकन फरशीवर पडलं, आणि भिंगरीने असा काही गळा काढला की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. इतकं गोड रडणं बुवांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. घरी आल्यावर आजी हळूच म्हणाली, "अहो, निभावलं ना? कशाला सांगताय तिला? पोर पाळणाघरात जाईल."

बुवांनाही तीच भीती होती. पण संध्याकाळी लेक बाहेरची कामं उरकून दारात येताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. बटण, दोरा, खडू, एकूण एक. "फळीवर सगळं चढवलं गं मी. पण तोंडात धरायला शिकवलं ते मीच. रोज, तिच्या डोळ्यांसमोर."

लेकीने भिंगरीला छातीशी धरलं. मग म्हणाली, "सोमवारी पाळणाघर. अट म्हणजे अट. महिनाभर तोंड रिकामं ठेवून काम करा, मग बघू. मी कधीही फोन करीन. नुसतं 'हं' ऐकू आलं, की महिना पहिल्यापासून."

बुवांनी मनगटाला टाचण्यांची गादी बांधली. पहिले दोन दिवस हात सवयीने तोंडाकडे जायचा आणि बुवा स्वतःलाच शिव्या द्यायचे. पण रिकामं तोंड गप्प बसेना. ते गिऱ्हाइकांशी बोलू लागले, मशीनशी बोलू लागले, फोनवर तर लेकीला पुरे म्हणायची वेळ यायची. "चाळीस वर्षं किती सुखात होते मी," आजी कपाळाला हात लावून म्हणाली.

महिना भरला तशी भिंगरी दुकानात परतली. पहिले चार दिवस लेक रजा काढून दाराशी बसली, नजर पोरीच्या ओठांवर. चौथ्या दिवशी बुवा एका गिऱ्हाइकाची बाही टाचत असताना भिंगरीने आरशासमोर बाहुली उभी केली. मान वाकडी केली, फ्रॉक चिमटीत धरला. लेक अर्धी उठली.

पण ओठ रिकामे होते, आणि तिची अखंड बडबड चालली होती. "हलू नको," भिंगरी बाहुलीला दटावत होती, "हलू नको हं."

लेकीने पर्स उचलली. "येते बाबा, संध्याकाळी," ती म्हणाली आणि उरलेली रजा टाकून कामावर गेली. बुवांना उत्तर द्यायचं होतं. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी 'हं'च्या पुढे शब्द फुटेना.