पालथी स्लाइड

"ताई, हा बोर्ड उलटा कसा?"

झेरॉक्सवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि लॅपटॉपला जवळजवळ नाकच लावलं. आला होता आपला स्कॅनर परत न्यायला. पण भाड्याने दिलेली वस्तू लोकांनी कशी वापरली हे पाहिल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे.

तिने पाहिलं. फोटोत शाळेचं फाटक होतं, फाटकावर पाटी होती आणि पाटीवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी दिसत होती.

"स्लाइड पालथी ठेवलीत तुम्ही. एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू काचेकडे ठेवायची. मी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मग माझंच चुकलं. पण त्यात काय एवढं? मूळ स्लाइड काढा, आत्ता परत मारून देतो."

"मूळ गेल्या," ती म्हणाली. "कचऱ्याच्या गाडीत."

स्लाइड, म्हणजे फिल्मचे ते पारदर्शक तुकडे, तिच्या वडिलांच्या. ते धरणाच्या कामावर फोटो काढायला होते, आणि उरल्यासुरल्या फिल्मवर घरच्यांना टिपायचे. ते गेल्यावर स्लाइडचे खोके कपाटावर पडून राहिले आणि त्यांना बुरशी लागली. तो वास आईच्या छातीला बरा नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून रजा काढून ती या कामाला बसली. ब्रशने बुरशी झटकायची, हाताला येईल त्या बाजूने काचेवर स्लाइड मांडायच्या, झाकण लावायचं, आणि एकेक खोका संपला की सकाळच्या गाडीत टाकायचा. हातचं काम अर्धवट टाकायचं नाही, हा तिचा जुना खाक्या. इथे तोच तिला नडला.

"अहो, मग लॅपटॉपवर फिरवा की," झेरॉक्सवाला म्हणाला. "एक बटण दाबलं की उलट्याचं सुलट. फोटोतली अक्षरं बघायची, घड्याळ बघायचं. कळतंच."

"सगळ्या फोटोंत अक्षरं कुठायत?"

"नसली तर नसली! कुणाचा डावा गाल उजवा झाला म्हणून कोण भांडायला येणारेय?"

तो स्कॅनर काखोटीला मारून निघून गेला.

ती आणि तिची बहीण जुळ्या. एकीच्या डाव्या गालावर तीळ, दुसरीच्या उजव्या, अगदी त्याच जागी. बाकी नाक, डोळे, कपाळ सगळं हुबेहूब. खरी नावं शाळेपुरती राहिली. घरात ही डावी आणि ती उजवी. उजवी लहानपणीच तापाने गेली. त्यानंतर वडिलांनी ते खोके कुणाला उघडू दिले नाहीत. डावी राहिली, आणि तीच का राहिली हा सवाल आईच्या तोंडावर तिने जन्मभर पाहिला. भाजी करपली, की 'ती असती तर'. लग्न जमलं नाही, तेव्हाही 'ती असती तर'. आता आईने अंथरूण धरलं होतं आणि एकच धोशा लावला होता: डोळे मिटायच्या आत मला तिचा फोटो दाखव.

तिने एकेकटीचे फोटो धुंडाळले. सगळे पांढऱ्या भिंतीसमोरचे. एकाच ताग्यातले फ्रॉक, बटणं मागे, भांग मधोमध, दोन वेण्या. अक्षर नाही, घड्याळ नाही. तीळ तेवढा होता, आणि बटण दाबलं की तो मुकाट्याने दुसऱ्या गालावर जाऊन बसत होता. समोर आपण आहोत की मेलेली बहीण, हे तिचं तिलाच सांगता येईना.

आता सगळी मदार आईवर होती. पोटच्या पोरींना आई काय नुसत्या तिळावरून ओळखते?

"झालं का गं?" आतून आईने विचारलं.

उजव्या गालावर तीळ असलेला एक फोटो निवडून तिने लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. आईची बोटं पडद्यावरून फिरली.

"अगं माझी बाय! ही उजवी. बघ कशी उभी राहिलीय ऐटीत, मान वाकडी करून. हट्टी मेली."

"नीट बघ, आई. नक्की तीच?"

"मला विचारतेस?" आईने चादरीच्या टोकाने डोळे पुसले.

तिला वाटलं, सुटले. आई ओळखते. तेवढ्यात आई म्हणाली, "आता तुझा दाखव."

कधी नव्हे ते आईने तिचा फोटो मागितला होता. ती दुसरा काढायला गेली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने तोच फोटो राहू दिला आणि बटण दाबलं.

आईने बराच वेळ पाहिलं.

"ही तू. मान बघ कशी वाकडी. उभं राहायचंसुद्धा वळण नव्हतं तुला."

ओळखू शकेल असं जगात आता कुणीच उरलं नव्हतं.

"लोक फसायचे गं तुमच्यात," आई समाधानाने म्हणाली. "तुझे बाबासुद्धा. मी मात्र एकदाही चुकले नाही."

"नाही चुकलीस, आई."

"पहिला लाव परत."

तिने बटण दाबलं.