मालकाच्या नावानं काढलेली चित्रं

लोटन नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि रुपचंद शेठच्या केळीच्या पेढीवरच्या संगणकाला मराठी दाखवता येत नव्हतं. १९९९ साली जळगावात त्यावर नानांना सुचलेला उपाय म्हणजे चित्रं. बिल्टीच्या, म्हणजे ट्रकच्या मालपावतीच्या, प्रोग्रामवर ट्रक, वजनाच्या प्रोग्रामवर काटा, भावाच्या प्रोग्रामवर केळीचा घड. पेढीची ऑपरेटर आबेदा हिने ती ठिपक्याला ठिपका जोडून काढली. नाना शेजारी बसून सांगायचे, घड असा नसतो, दांडा वर घे.

शेठची अट स्पष्ट होती. दिल्लीच्या ट्रकची बिल्टी नानांनी कुणाला न विचारता काढून दाखवायची. जमलं तर मुनीमाची खुर्ची नानांकडे राहील, नाही तर ती शेठच्या भाच्याला.

चित्रं बसवली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. नवं काम आखाजीला आणि मालकाच्या नावानंच सुरू व्हायचं, ही पेढीची रीत. शेठनी नारळ फोडला, स्वतः पासवर्ड टाकून लिनक्सचं सगळे अधिकार असलेलं मुख्य, मालकाचं खातं उघडलं आणि आबेदाला तिथंच काम करायला लावलं. नानांनी सरावही त्याच खात्यात केला. एकदाही चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेठ रेल्वे वॅगनच्या कामाला भुसावळला गेले आणि इकडे दिल्लीचा ट्रक दाराशी लागला. मालकाच्या खात्याचा पासवर्ड शेठकडेच होता, म्हणून नानांनी या वेळी स्वतःचं खातं उघडलं. पडद्यावर प्रत्येक प्रोग्रामवर एकच चित्र होतं, कोपरा दुमडलेला कोरा कागद.

आबेदाने फाइली तपासल्या. चित्रं जागेवर होती, पण मालकाच्या खात्याच्या नावावर, आणि मालकाशिवाय कुणालाही ती वाचायची परवानगी नव्हती. तिने परवानगी बदलून पाहिली, नकार आला. नानांच्या खात्यात उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, पुन्हा नकार. नव्याने काढायची तर दिवस गेला असता. तिने भुसावळला फोन लावून शेठना गाठलं आणि पासवर्ड मागितला.

"तिजोरीची चावी कोणी फोनवर देतं का?" शेठ म्हणाले. "आणि नानांना येतं, असं तूच सांगत होतीस."

भाचा टेबलाशी येऊन बसला. आबेदाला त्याने हसत लांबच्या खुर्चीवर बसवलं.

"चालवा नाना. तो चांद ड्रायव्हर तापलाय बाहेर."

सरावात बिल्टी वरून दुसरी होती, ते आठवून नानांनी दुसऱ्या कागदावर बटण दाबलं. घड्याळ उघडलं. त्याखालच्या कागदातून कॅल्क्युलेटर आला. या खात्यात संगणकाने सगळं इंग्रजी नावांच्या क्रमाने लावलं होतं. बिल्टीचा कागद कुठला ते आबेदाला दुरून दिसत होतं. तिने बोट उचललं, भाच्याने तिच्याकडे पाहिलं, तिने हात मांडीखाली दाबला. नाना एकेक कागद उघडत आणि बंद करत राहिले. त्यांच्या कपाळाचा घाम टेबलावर पडत होता.

चांद आत येऊन म्हणाला, माल उन्हात शिजतोय. भाच्याने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. नाना उठले. भाच्याने इंग्रजी नाव वाचलं आणि बिल्टी काढली.

ट्रक गेल्यावर शेठचा फोन आला. भाच्याने झालेलं सांगून रिसीव्हर नानांकडे दिला. नाना नुसते हो, हो म्हणत होते. आबेदा हात पुढे करून फोन मागत राहिली. नानांनी तो खाली ठेवला.

"नाना, सांगायचं ना, चूक तुमची नव्हती. परवानगीची होती."

"माले सोताले समजनं नही, बेटी," नाना म्हणाले. "शेठले काय समजाडू?"

शेठनी त्यांना आजपासूनच गोदामावर बसायला सांगितलं होतं. नानांनी खुर्चीवरची आपली टोपी उचलली आणि चपला शोधू लागले.