दुसऱ्या सहीचा माणूस

मल्लिनाथने आनंदराजची बोटं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये धरली आणि गुडघ्याने ड्रॉवर बंद केला. भर दुपारी, कार्यालय उघडं असताना. शेजारच्या टेबलांवरची माणसं चहाला निघून गेली होती. अशा वेळी सरकारी माणसाला चहा हमखास आठवतो.

“बिलोलीच्या बाईची निविदा बाद कर. दोन सह्या मारायला किती टाइम लागतो?”

“कागद पूर्ण हायत तिचे. मी स्वतः तपासलेत.”

ड्रॉवर पुन्हा बंद झाला. करंगळी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

त्या बाईचं नाव बुद्धप्रिया. तिची निविदा टिकली तर नळयोजनेचं काम तिलाच जाणार होतं, आणि आजवर असली कामं मल्लिनाथच्या ठेकेदार मालकाशिवाय कुणाला गेली नव्हती. एकट्याच्या मर्जीवर कुणाची निविदा बाद होऊ नये, म्हणून सरकारने संगणकावर दोन सह्या सक्तीच्या केल्या. एक कारकुनाची, म्हणजे आनंदराजची, आणि एक साहेबांची. प्रत्येकाची पेनड्राइव्हसारखी चावी वेगळी, पिन वेगळा. छानच. पण उपअभियंता रेणुकादास साहेबांना पिन लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून त्यांची चावी आणि पिन, दोन्ही आनंदराजकडेच असायचं. त्यामुळे दोघांच्या वाट्याचा मार आता तो एकटा खात होता.

“साहेबांची चावी साहेबांकडं हाय,” तो खोटं बोलला.

मल्लिनाथने हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. मग मोबाइल काढून लातूरला साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आनंदराज,” साहेब हळूच म्हणाले, “चावी तुमच्याकडेच आहे ना? देऊन टाका. कशाला त्रास करून घेता?”

मारापेक्षा हे जास्त लागलं. चार वर्षं त्याने या माणसाचं नाव सांभाळलं होतं. ओठाचं रक्त बाहीला पुसत त्याने कपाटातून चावी काढली, संगणकाला लावली आणि डाव्या हाताने पिन टाकला. चुकीचा. पुन्हा चुकीचा. आणखी चुकीचा. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली.

“काय झालं?”

“चावी बंद पडली. आता नवी काढायला साहेबांना कॅमेऱ्यापुढं बसून सोताचं नाव सांगावं लागतंय. सही बी मग त्यांनीच करायची.”

मल्लिनाथने त्याला खुर्चीसकट पाडलं. पोटात दोन लाथा घातल्या, आणि धापा टाकत फोनकडे वळला.

“साहेब, आत्ताच्या आत्ता निघा.”

“मी? नाही नाही. माझं नाव यात आणू नका. मी रजेवर आहे.”

मल्लिनाथने हेल्मेट काखेत मारलं. मग खाली पडलेल्या आनंदराजला त्याने विचारलं,

“लातुरात साहेबाचं घर कुठं हाय?”

फोन चालूच होता.

“आनंदराज,” साहेब म्हणाले. “अहो, आनंदराज.”

आनंदराजने गल्लीसकट पत्ता सांगितला. या वेळी त्याला मारावं लागलं नाही.