किडुकमिडुकात गेलेली बादली

मी एक जुनी लाकडी बादली आहे. दिसायला मी काही देखणी नाही, हे आधीच सांगून टाकते. ओकच्या अकरा फळ्या, त्यांना आवळून धरणारी तीन कडी आणि पोटात कायमचा एक आंबट वास. नाक मुरडू नका, मित्रांनो. याच वासावर एक अख्खं घर जेवलं आहे.

स्वेलडेलच्या खोऱ्यात पिंपं करणारा एक सुतार होता. त्यानं मला इझाबेलच्या आईसाठी घडवलं. तेव्हा मी अगदी कोरी होते. त्या बाईनं माझ्यात ओटचं पीठ कालवलं, झाकून ठेवलं आणि ते आंबलं. पीठ वापरून झालं की ती तळाशी दोन बोटं तसंच ठेवी आणि पुढच्या खेपेला त्यातच नवं पीठ घाली. असं करता करता ते आंबवण माझ्या लाकडातच मुरलं. पुढे इझाबेलचं लग्न राल्फ हार्करशी झालं, तेव्हा आईनं मला लेकीच्या हाती दिलं. "खरवडायची, पण धुवायची नाही," ती म्हणाली. "आणि उपाशी ठेवायची नाही. आठवड्याला हिला पीठ मिळालंच पाहिजे."

इझाबेलनं अडतीस वर्षं हा शब्द पाळला. राल्फचं घर डोंगराच्या उतारावर होतं. खाली गवताची कुरणं, वर मेंढ्या आणि त्याच्याही वर वारा. गहू आमच्याकडे पिकतच नाही, त्यामुळे सगळा भार ओटवर. इझाबेल माझ्यातलं पातळ पीठ पळीनं उचलून तापलेल्या दगडी तव्यावर असं फेकी की एका झटक्यात लांबलचक भाकरी पसरे. मग त्या भाकऱ्या छताखालच्या दोरांवर वाळत घालायच्या. मेंढ्या कातरायला माणसं जमली की राल्फ छाती फुगवून वर बोट दाखवी. "आमच्या तव्याची भाकरी! खोऱ्यात अशी दुसरी सापडली तर मेंढी हरेन."

आमच्या तव्याची! ऐकलंत? आणि मी दाराआड, झाडूच्या शेजारी. तवा चुलीजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मला फार लागायचं. पण मी गप्प बसायची. बादलीनं बोलून कुणाला सांगावं?

राल्फ शेवटच्या आजारात पडला ते साल सतराशे एक्केचाळीस. एका दुपारी त्यानं गावच्या शाळामास्तरांना बोलावून मृत्युपत्र लिहायला घेतलं. मास्तर मांडीवर फळी ठेवून लिहीत होते. शेजारचा सायमन कोट्स साक्षीला बसला होता. इझाबेल दारात उभी राहून मोजा विणत होती. आमच्याकडे माणसं मरणाच्या दारातसुद्धा विणत असतात.

राल्फनं एकेक सांगितलं. घर, जमीन, मेंढ्या मुलाला, अँथनीला. डोंगरापलीकडे दिलेल्या लेकीला, एलेनला, कथलाची सहा ताटं आणि पितळी पातेलं. इझाबेलला आतली खोली, पलंग आणि अंथरूण, तांबडी गाय आणि चुलीपाशी जागा. जोवर ती या घरात राहील तोवर. घर सोडलं की खोलीवरचा हक्क संपला. मग तो थोडा थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि दगडी तवा. तो तिलाच. तिच्या हाताशिवाय तो कुणाच्या उपयोगाचा नाही."

मला वाटलं, आता माझं नाव.

"आणखी?" मास्तरांनी विचारलं.

"बाकी किडुकमिडुक अँथनीला," राल्फ म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

इझाबेलच्या सुया क्षणभर थांबल्या. मग पुन्हा चालू झाल्या. 

तिसऱ्या दिवशी राल्फ गेला. माती झाल्यावर शेजारी घरातल्या वस्तूंची यादी करायला आले. हा आमच्याकडचा रिवाज. सायमननं दाराआडून मला ओढलं, झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. "शी! यात काय मेलंय?" दुसरा शेजारी हसला आणि म्हणाला, "लिही, किडुकमिडुक." एक मोडका दंताळा, दोन फुटकी खुरपी आणि मी, सगळे एका ओळीत. अहो, अडतीस वर्षं! मला रडता आलं असतं तर मी गळले असते, पण चांगली बादली गळत नाही.

एलेन आली, आपली ताटं आणि पातेलं घोड्यावर लादून निघून गेली. दुसऱ्या सकाळी इझाबेलनं चुलीवरून दगडी तवा उचलला आणि आतल्या खोलीत पलंगाखाली नेऊन ठेवला. तो तिचा होता ना, म्हणून. मी मात्र आता अँथनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, थॉमसिनची.

थॉमसिनबद्दल सांगायला हवं. सहा वर्षं ती या घरात नांदत होती. गाईंचं दूध काढी, गवत कापी, लोकर पिंजी, पण चुलीपाशी तिला कधी थारा नव्हता. "राहू दे, मी करते," असं म्हणून इझाबेल पळी हातातून काढून घेई. त्यामुळे मी वाट्याला आले तेव्हा थॉमसिनला आनंद झाला असेल, असं मला वाटलं. तिनं मला उजेडात ठेवलं, वर स्वच्छ फडकं घातलं. पीठ कालवलं आणि तवा नाही म्हणून लोखंडी कढईत ओतलं. जे झालं त्याला भाकरी म्हणणं पाप आहे. कुत्र्यानं वास घेतला आणि तो अंगणात निघून गेला.

ती सासूकडे तवा मागायला गेली नाही. सासू तिच्याकडे बादली मागायला आली नाही. एकीकडे तवा, एकीकडे पीठ, मध्ये एक दार, आणि दोघींच्या तोंडाला कुलूप. घर लापशीवर आलं.

"पुन्हा लापशी?" चौथ्या दिवशी अँथनी म्हणाला.

"तवा माझा नाही," थॉमसिन म्हणाली.

"बादली माझी नाही," आतून आवाज आला.

दोन आठवडे गेले. छताखालचे दोर रिकामे झाले. अँथनी बिचारा भला माणूस, पण मेंढ्यांपलीकडचं त्याला काही सुचत नाही. तो सायमनला घेऊन आला. सायमननं कागद मागवला, दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं. "वहिनी, कागद म्हणतो तवा तुमचा. बादली किडुकमिडुकात, म्हणजे अँथनीची. आता तुम्ही म्हणालात की राल्फ ही विसरला, तर आम्ही शेजारी मिळून..."

"ते काही विसरले नाहीत," इझाबेल ताडकन म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या शब्दात मी खोट काढणार नाही. सायमन, घरी जा."

सायमन गेला. आणि मी? मी सुकत होते, मित्रांनो. पोटात पीठ नाही, ओल नाही. माझ्या फळ्या आकसू लागल्या, एक कडं ढिलं पडलं. तळाचं आंबवण कडक पापुद्र्यासारखं झालं. त्यात कुठेतरी खोल अजून थोडा जीव होता, पण तो किती दिवस टिकेल हे मलाही सांगता येत नव्हतं. तो गेला असता तर इझाबेलच्या आईपासून चालत आलेली भाकरी त्या घरातून गेली असती.

तिसऱ्या आठवड्यात इझाबेलनं सांगितलं, "मी एलेनकडे जाते. कायमची." अँथनीच्या हातातला चमचा लापशीत पडला. कायमची म्हणजे खोली गेली, चुलीपाशची जागा गेली. परत आली तर पाहुणी म्हणूनच येणार. पण इझाबेलनं एकदा ठरवलं की डोंगर हलेल, ती नाही.

जायच्या दिवशी सकाळी अँथनीनं अंगणात गवत ओढायची बिनचाकी घसरगाडी आणली आणि पलंग सोडवून तिच्यावर बांधायला घेतला. इझाबेल दोन्ही हातांनी तवा छातीशी धरून बाहेर आली. उंबऱ्यात थॉमसिन उभी होती. तिच्या कडेवर मी होते.

"हीसुद्धा न्या," थॉमसिन म्हणाली. "मरायला टेकलीय. माझ्याच्यानं काही होत नाही."

"ती तुझी आहे. कागदावर तसं लिहिलंय."

"कागद जळो मेला!" थॉमसिनचा आवाज चढला. "मी काय मागून घेतली ही? तीन आठवडे तुम्ही माझ्याशी दोन शब्द बोलला नाहीत, सासूबाई. मी असा काय गुन्हा केला? तुम्ही माझ्यावर रागावून घर सोडलंत असंच लोक म्हणणार ना?"

इझाबेल तिच्याकडे बघत राहिली. 

"तुझ्यावर नाही गं रागावले, पोरी. त्यांच्यावर रागावलेय." ती उंबऱ्यावरच बसली, तवा मांडीवर घेऊन. "अडतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं. मरताना तवा आठवला. तवा दिसत होता ना रोज! आणि भाकरी भिजवते कशात, ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मी सायमनसमोर तोंड उघडलं असतं तर सगळ्या खोऱ्याला कळलं असतं. कसं सांगू मी? त्यांची लाज की माझी, तेच मला कळेना."

 थॉमसिननं मला खाली ठेवलं, झाकण काढलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा इकडे या."

अँथनी दोर हातात घेऊन आला.

"ही बादली कशाची?"

त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय एवढं त्या बापड्याला कळलं. मग माझ्याकडे पाहून तो घाबरत घाबरत म्हणाला, "कोंबड्यांच्या खाण्याची ना?"

 मग थॉमसिनच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. इझाबेलनं तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. माती झाल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आता दोघी उंबऱ्यावर एकमेकींना धरून पोट दुखेपर्यंत हसत होत्या.

"खाण तशी माती!" इझाबेल डोळे पुसत म्हणाली. आणि पुसता पुसता खरंच रडायला लागली. थॉमसिन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अँथनी दोराची गाठ सोडत आणि बांधत उभा होता.

मग इझाबेलनं नाक शिंकरलं आणि माझ्यात डोकं घालून वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. माझा जीव टांगणीला लागला होता.

"आहे," ती म्हणाली. "अजून धुगधुगी आहे. पाणी कोमट कर. कढत नको हं, मारशील हिला. आणि तुझा हात घाल, माझा नाही. तुझ्या बोटांना कळायला हवं."

थॉमसिननं हात घातला. तळाचा पापुद्रा नखांनी सोडवला, पाण्यात कालवला, मुठीनं पीठ सोडलं. इझाबेलनं अंगावरची काळी शाल काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला चुलीजवळ ठेवलं. अँथनीला कुणी काही सांगितलं नाही. तो आपणहून गेला आणि पलंग घसरगाडीवरून उतरवून आतल्या खोलीत लावून आला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इझाबेल येता-जाता शाल उचलून पाही आणि पुन्हा झाकी. तिसऱ्या दिवशी सकाळी थॉमसिन किंचाळली, "आई, बुडबुडा!" सहा वर्षांत ती पहिल्यांदा आई म्हणाली होती. माझ्या पोटात एक छोटासा बुडबुडा फुटला होता, मग दुसरा, मग चार. काय सांगू, मित्रांनो, बादलीला आनंद होतो का, असं कुणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तवा पलंगाखालून चुलीवर आला. पहिली भाकरी थॉमसिननं फेकली. ती अर्धी तव्यावर पडली, अर्धी विस्तवात. दुसरी इझाबेलनं तिचा हात धरून फेकायला लावली. अँथनीनं तीन खाल्ल्या. मग तो उठला, हात पुसले, माझ्यापाशी आला आणि गुडघे टेकून आत वाकून पाहू लागला. बराच वेळ पाहत होता.

"वास येतो गं," तो म्हणाला.

"तुझ्या जेवणाचा आहे तो, बाळा," इझाबेल म्हणाली.  मग चुलीकडे बघत म्हणाली, "तुझ्या बापालाही असं दाखवायला हवं होतं. ते आले नाहीत, हे खरं. पण मीसुद्धा त्यांना कधी हाक मारली नाही. माझी चूल, माझी चूल, करत बसले."

तिनं पळी उचलली, एकदा हातात फिरवली आणि थॉमसिनच्या हातात दिली.

मित्रांनो, मी साधी बादली. मोठं शहाणपण मला येत नाही. पण तुमच्या घरातही दाराआड कुणीतरी असेल, जे रोज तुमच्यासाठी आंबतं, भिजतं, झिजतं. जेवून उठलात की एकदा तिथे जा आणि वाकून पाहा. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या हातात पळी आहे, त्यांनी आतून हाक मारावी. माणूस मेल्यावर त्याला नैवेद्याचं ताट दाखवता येतं, पण बादली दाखवता येत नाही.